रेषेवरचा चेंडू

'खेळाने मला काय शिकवलं' या विषयावर मुलींसमोर दोन शब्द बोला, असं निमंत्रण मला अधूनमधून आमच्या जुन्या कॉलेजातून येतं. मी थोर खेळाडू होते म्हणून नव्हे. झाशीत माझ्या वयाच्या, टेनिस खेळलेल्या बायका शोधूनही सापडत नाहीत, म्हणून येतं. मी जाते. शिस्त, चिकाटी, हार पचवण्याची ताकद असं सगळं ओळीने सांगते. मुली टाळ्या वाजवतात, मला शाल मिळते आणि परत येताना रिक्षात मला भयंकर चीड येते. कारण टेनिसने मला यातलं काही शिकवलं नाही. टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते. इतकी उदार सोय मी पुढे कुठेही पाहिली नाही, त्यामुळे या खेळावरून आयुष्याचे धडे काढणाऱ्यांनी जरा जपूनच काढावेत.

मला जो धडा मिळाला तो मुलींना सांगण्यासारखा नाही. तो मला माझ्या बाबांनी दिला, आणि तोही अंपायरच्या खुर्चीवर बसून.

बाबा रेल्वेत टी. टी. होते, गाडीत तिकिटं तपासायचे. मूळचे भुसावळचे. तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, कोर्टावर ते तरुणपणी टेनिस शिकले आणि बदली होऊन झाशीला आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि वाकू नये म्हणून लाकडी प्रेसमध्ये आवळलेली रॅकेट घेऊन. आई मात्र इथलीच. तिचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. तिचं माहेर दतिया गेटजवळ. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकावेळी एकच माणूस उभं राहू शकेल असं स्वयंपाकघर होतं, त्याला ती आपल्या माहेरच्या रीतीने मुदपाकखाना म्हणायची. बाबांना त्याचं हसू यायचं. मला अजूनही येत नाही. माणसाकडे काहीतरी मोठं असावं, निदान नाव तरी.

आमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं चार-दोन. बाकी सगळीकडे हिंदी आणि बुंदेली. लोक आम्हाला दक्षिणी म्हणत आणि वर कौतुकाने म्हणत, 'दक्षिणी लोग सीधे होते हैं.' कुणाच्या तोंडून सहज निघालेलं हे वाक्य बाबांनी सर्टिफिकेटासारखं मनावर घेतलं. आपण परक्या गावात आहोत, आपल्याकडे शेत नाही, ओळख नाही, वशिला नाही, आहे ती फक्त ही अब्रू, असं ते म्हणत. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ही अब्रू ते जपत कशी, ते पाहा.

माझा मामा एकदा ललितपूरहून झाशीला येत होता. गाडी सुटायच्या बेतात होती, तो धावत चढला, तिकीट काढायचं राहिलं. डब्यात नेमके बाबा. मामा निर्धास्त झाला, जिजाजी आहेत म्हणून त्याने सरळ पाय पसरले. बाबांनी डब्यातल्या सगळ्यांची तिकिटं तपासली, शेवटी मेव्हण्यासमोर उभे राहिले आणि तिकीट मागितलं. मामा हसला. बाबा हसले नाहीत. मामाच्या खिशात दंडापुरते पैसे नव्हते, तेव्हा बाबांनी त्याला बबीनाला उतरवलं. स्वतःच्या खिशातून दंड भरून पावती फाडता आली असती, पण मग लोक काय म्हणाले असते? मामा फौजेच्या एका ट्रकमध्ये भाज्यांच्या पोत्यांवर बसून संध्याकाळी घरी पोचला आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे जेवला नाही. आईने भावाची बाजू घेतली नाही की नवऱ्याचीही नाही. तिने फक्त पोळ्या केल्या. कॉलनीत मात्र हा किस्सा गाजला. लोक बाबांना पंडितजी म्हणत, ते आता जरा वाकून म्हणू लागले.

त्याच डब्यात एक कंत्राटदारही विनातिकीट बसला होता, त्याला बाबांनी सक्त ताकीद देऊन सोडलं होतं. हे मला मामाने सांगितलं. बाबांनी ते कधी नाकारलं नाही. परक्याला एकदा सोडता येतं, ते म्हणाले, आपल्या माणसाला सोडलं की पक्षपात होतो.

टेनिस मला बाबांनीच शिकवलं. झाशीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचं कोर्ट लाल मातीचं होतं, संध्याकाळी त्यावर पाणी मारून रूळ फिरवत आणि चुन्याच्या रेषा आखत. लोको शेडच्या बाजूने वारा आला की पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसायची. आई कपडे धुताना बडबडायची, पण माझी सलवार तिनेच धावता येईल अशी आखूड करून दिली होती. बाबा ड्यूटीवर नसले की आम्ही दोघं रोज कोर्टावर. शिकवणारा माणूस म्हणून त्यांना तोड नव्हती, हे मी आजही म्हणते. मातीच्या कोर्टावर चेंडू पडला की खूण उठते. बाबा मला त्या खुणेपाशी उकिडवं बसवायचे आणि बोटाने दाखवायचे. 'चेंडूचा केसभर भाग जरी चुन्याला शिवला ना, तरी तो आत. खूण कधी खोटं बोलत नाही.'

दुसरा एक नियमही त्यांनीच शिकवला. अंपायर नसेल तेव्हा आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपणच द्यायचा असतो, आणि संशय आला तर चेंडू समोरच्याला द्यायचा. सुरेख नियम आहे. हा खेळ त्यामुळेच सभ्य माणसांचा समजला जातो. पण हा नियम खेळणाऱ्यासाठी आहे, खुर्चीवर बसणाऱ्यासाठी नाही, एवढी साधी गोष्ट बाबांना कधी कळली नाही. त्यांनी तो जन्मभर घरात, गाडीत, सगळीकडे चालवला. संशय आला की आपल्या माणसाच्या विरुद्ध.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. भुसावळच्या एका स्थळाकडून विचारणा आली होती. मुलगा रेल्वेतच, मालगोदामात कारकून. आईला घाई होती, मला मुळीच नव्हती. मला पुढे एम. ए. करायचं होतं आणि त्याहून जास्त, मला खेळायचं होतं. खेळाडूंच्या जागांवर रेल्वे मुलींनाही घेऊ लागली आहे असं ऐकू येत होतं, पण त्यासाठी निदान विद्यापीठाच्या संघातून खेळलेलं असावं लागे. मी बाबांशी सौदा केला. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर भुसावळला नाही म्हणून कळवायचं. झाली नाही, तर मी मुकाट्याने बोहल्यावर चढेन. बाबा म्हणाले, 'कबूल.' त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. मला वाटलं, माझं आयुष्य आता माझ्या हातात आहे. निदान उजव्या हातात.

आमच्या भागातून एकच मुलगी संघात जायची होती. चाचणी सामन्यांत शेवटी उरलो आम्ही दोघी. दुसरी माझ्याच कॉलेजातली, माझ्यापेक्षा एक वर्ष मागे, रेल्वेच्या एका मोठ्या साहेबांची मुलगी. सगळी कॉलनी तिला बेबी म्हणायची. ती बंगल्यात राहायची, ऑफिसर्स क्लबच्या कोर्टावर खेळायची आणि तिचा बॅकहँड माझ्यापेक्षा चांगला होता. तिचा मला राग होता का? होता. पण तो तिच्या बंगल्याचा होता, तिचा नव्हता. ती मनाने सरळ पोरगी होती, हे पुढे कळेलच.

कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टाला भेगा पडल्या होत्या, म्हणून सामना इन्स्टिट्यूटच्या कोर्टावर ठेवला. कानपूरहून यायचे अंपायर आलेच नाहीत. चिरगावच्या पुढे मालगाडी रुळावरून उतरली होती आणि त्यांची गाडी तिच्या मागे अडकली होती. लोक जमलेले, साहेब आणि मेमसाहेब खुर्च्यांवर बसलेले, ऊन कलायला लागलेलं. इन्स्टिट्यूटचे टेनिस सेक्रेटरी बाबाच होते. कुणीतरी म्हणालं, 'पंडितजी बैठ जाएँ. इनसे ज़्यादा ईमानदार कौन है यहाँ?' साहेबांनीही मान डोलावली.

मी बाबांना बाजूला घेतलं. म्हटलं, 'बाबा, तुम्ही नका बसू.'

'का? माझ्यावर विश्वास नाही?'

'तुमच्यावर आहे हो. पण तुम्ही माझे बाबा आहात.'

'म्हणूनच,' ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या लोकांसमोर त्यांना कुणी इतका मान कधी दिला नव्हता. आज वाटतं, तिथेच रॅकेट खाली ठेवून घरी जायला हवं होतं. पण विशीत माणूस असा कुठे वागतो?

पहिला सेट मी जिंकला. दुसऱ्यात माझ्या लक्षात आलं की रेषेजवळ पडलेला माझा प्रत्येक चेंडू बाहेर जातोय आणि बेबीचा प्रत्येक चेंडू आत येतोय. सुरुवातीला मला वाटलं, उन्हामुळे दिसत नसेल. मग समजलं. मी रेषांपासून हातभर आत मारायला लागले. तसं खेळून समोरचीला हलवता येत नाही, फक्त चेंडू परत करत राहता येतं. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात मी जीव काढून धावले. बाबांना संशय घेता येणार नाही असे, कोर्टाच्या भर मध्यात पडणारे चेंडू मारून मी एकेक गुण मिळवत गेले. पायांत गोळे आले होते, तोंडाला कोरड पडली होती. शेवटी पाच-चार झालं, माझी सर्व्हिस, आणि सामना जिंकायला मला एक गुण हवा होता.

बेबीचा परतीचा चेंडू आखूड आला. डावीकडे सगळं कोर्ट मोकळं पडलं होतं. त्या क्षणी मी खुर्चीवर कोण बसलंय ते विसरले आणि मनमोकळा फटका मारला, रेषेच्या कडेने. चेंडू पडला आणि चुना उडाला. तो उडताना मी पाहिला, बेबीने पाहिला, मेमसाहेबांनी टाळीसाठी हात उचलले.

'आउट,' बाबा म्हणाले. 'ड्यूस.'

म्हणजे गेममध्ये आता बरोबरी. बेबी चालत त्या खुणेपाशी गेली, वाकून पाहिलं, आणि वर बघून म्हणाली, 'अंकल, गेंद लाइन पर है. पॉइंट उसका है.'

खरं तर तिथेच प्रश्न मिटायला हवा होता. समोरचा खेळाडूच गुण देतोय म्हटल्यावर अंपायरचं काय जातं? फार तर खुर्चीवरून उतरून खूण बघायची. तीच खूण, जिच्यापाशी उकिडवं बसवून मला शिकवलं होतं. बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, 'अंपायर का फ़ैसला आख़िरी होता है, बेबी. खेलिए.'

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. ते समोर, नेटकडे बघत होते. बेबीने खांदे उडवले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ओरडून रडावंसं वाटलं. त्यानंतर माझ्या हातून काही झालं नाही. तो गेम गेला, पुढचे दोन गेले, सामना गेला.

सगळे जाऊन बाबांभोवती जमले. साहेबांनी स्वतः उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. 'पंडितजी, आपने मिसाल क़ायम कर दी,' कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हरलेल्या मुलीकडे कुणी बघत नव्हतं, फक्त शेजारच्या काकी तेवढ्या आल्या आणि पदराने माझं तोंड पुसून, बुंदेलीत लेकीला म्हणतात तसं म्हणाल्या, 'रोओ नईं, बिन्नू.' मी रडत नव्हते. मी त्या खुणेकडे बघत होते. इतक्यात कोणीतरी कोर्टावर रूळ फिरवायला घेतला आणि ती गेली.

घरी आईने ताट वाढताना विचारलं, 'का हो, आत होता की बाहेर?'

बाबा जेवत राहिले. आईने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी सायकलवरून आमच्या दारात आली. एरवी साहेबांच्या घरचं कुणी आमच्या गल्लीत येत नसे. ती बाबांना म्हणाली, 'अंकल, आप एक बार कह दीजिए कि गेंद अंदर थी. मैं अपना नाम वापस ले लूँगी.' बाबांनी तिला बसायला खुर्ची दिली, आईला पोहे करायला सांगितले आणि तिच्या मनाच्या मोठेपणाचं खूप कौतुक केलं. मग म्हणाले, 'नहीं बेटा. नियम नियम है.' बेबीने दोन घास खाल्ले आणि ती उठून गेली. जाताना तिने माझा हात घट्ट धरला होता. त्याच वर्षी साहेबांची बदली झाली. तिची माझी परत गाठ पडली नाही.

भुसावळला होकार गेला. सौदा म्हणजे सौदा. लग्नात बाबांनी सगळ्यांना अगदी अभिमानाने सांगितलं की मुलगी शब्दाची पक्की आहे. नवरा वाईट नव्हता, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच त्याचा राग यायचा. तो आपला फायली आणि पान-सुपारी यांत सुखी होता. पुढे त्याची बदली झाशीलाच झाली आणि मी बी. ए.च्या जोरावर एका शाळेत लागले. रॅकेट मी भुसावळला नेली नव्हती. तिच्या तारा आईच्या मुदपाकखान्यात खिडकीपाशी टांगून टांगून सुटल्या. मी मात्र हातभर आतच खेळत राहिले. पगारवाढ मागायची असो, सासूला उत्तर द्यायचं असो, मुलाच्या शाळेत भांडायचं असो, रेषेच्या जवळ जायचंच नाही. आपल्याच माणसाचा आवाज येईल आणि तो आपल्यालाच बाहेर काढेल, ही भीती एकदा अंगात भिनली की निघत नाही. कॉलेजच्या टेनिसने मला शिकवलं ते हे. मुलींना काय सांगू?

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. टीव्हीवर टेनिस असलं की आम्ही दोघं बघायचो. खेळाविषयी त्यांच्याइतकं मोजकं आणि नेमकं कुणी बोलत नसे, आणि तो तासभर मला ते मनापासून आवडायचे. एकदा पडद्यावर एका वादाच्या चेंडूची खूण मोठी करून दाखवली. चेंडू रेषेला जेमतेम शिवला होता. निर्णय बदलला. खेळाडू हसला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाबा, त्या दिवशी माझा चेंडू तुम्हाला खरंच बाहेर दिसला होता?'

त्यांना कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

'मी पाहिलाच नाही,' ते म्हणाले.

'म्हणजे?'

'कशाला पाहायचं? तुझा होता ना.'

इतक्या वर्षांत मी नाना तर्क केले होते. साहेबांची भीती असेल. भुसावळचं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून असेल. यांतलं काही असतं तर मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं. माणूस घाबरतो, माणसाला लेकीच्या लग्नाची चिंता असते. पण ते म्हणाले ते खरंच होतं. त्यांनी मान वळवलीच नव्हती. माझं सगळं भविष्य त्यांच्या डाव्या हाताला सहा-सात फुटांवर पडलं होतं, आणि आपण किती निःपक्षपाती आहोत हे लोकांना दिसावं म्हणून ते समोर बघत बसले होते. मी उठून चहा टाकायला गेले. त्यांनी आवाज परत मोठा केला.

बाबा गेले ते झोपेत, कुणालाही त्रास न देता. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता. कॉलनीतले जुने लोक आले होते, काही काठी टेकत, काही नातवांचा हात धरून. मामाला बबीनाला उतरवल्याचा किस्सा निघाला. सगळे गहिवरून हसले. मग एक निवृत्त गार्ड उभे राहिले आणि त्यांनी माझ्या सामन्याची गोष्ट सांगितली. सामना जिंकायला एकच गुण बाकी, समोर सख्खी लेक, आणि पंडितजींनी तिचा चेंडू बाहेर दिला. ते म्हणाले, बिटिया इथेच बसली आहे, तिने दोन शब्द बोलावेत.

मी बोलायचं ठरवून गेले नव्हते. पण समोरच्या खिडकीतून कोर्ट दिसत होतं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. मी माइकपाशी गेले आणि हिंदीत म्हणाले, 'वह गेंद बाहर नहीं थी. लाइन पर थी. मैंने निशान देखा था, सामने वाली लड़की ने भी देखा था और उनसे कहा भी था. उन्होंने देखा ही नहीं. फ़ैसला ग़लत था.'

मला वाटलं, आता कुणीतरी चिडेल. वडिलांच्या फोटोसमोर हे काय बोलतेस, असं म्हणेल. मी त्याला तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं.

गार्डसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि शेजारच्याचा हात दाबला. 'सुना आपने? गेंद अंदर थी,' ते म्हणाले. 'अंदर थी, फिर भी बेटी को नहीं दी. ऐसे लोग अब कहाँ.'

हॉलभर हुंकार उमटला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कुणीतरी 'धन्य है' म्हणालं. बाबा फोटोतून समोर बघत होते, तसेच, मान न वळवता. मग सूत्रसंचालकाने सगळ्यांना उभं राहून दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. ते मला चांगलं जमतं.